साल नसलेली बाटली

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे परदेशी वाइन आयात करणाऱ्या एका कंपनीचं काम आलं. गोदामात काय आहे, कुठल्या हॉटेलला काय गेलं, किती उरलं, असं साधं स्टॉकचं सॉफ्टवेअर. जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये ओतायला घेतला तेव्हा बऱ्याच ओळी अडकून पडल्या. वाइनचं साल हा रकाना भरलेलाच असला पाहिजे असं क्लायंटच्या कागदात लिहिलं होतं, आणि या ओळींत तो रिकामा होता. जवळजवळ सगळ्या ओळी शॅम्पेनच्या. मी त्यांच्या गोदामातल्या माणसाला फोन करून विचारलं, माहिती गहाळ झालीय का? तो म्हणाला, “नाही मॅडम, गहाळ कसली? त्या मालाला साल नसतंच. एनव्ही टाका.”

एनव्ही म्हणजे नॉन-व्हिंटेज. अट काढून टाकायला पाच मिनिटं लागली. प्रश्न मात्र राहिला. वाइनबद्दल मला जे काही ठाऊक होतं ते सिनेमातलं: तळघर, धूळ बसलेली बाटली, आणि एक घोट घेऊन डोळे मिटून साल सांगणारा कुणीतरी. मग जगात सगळ्यात जास्त मिरवल्या जाणाऱ्या वाइनवर सालच का नसावं?

शॅम्पेन हा फ्रान्सच्या ईशान्येकडचा प्रदेश, पॅरिसपासून साधारण दीडशे किलोमीटरवर. रँस आणि एपर्ने ही तिथली मुख्य गावं. द्राक्षाच्या हिशेबात ही जागा फारच उत्तरेला, ४९ अक्षांशाच्या आसपास. वसंतात दंव गोठून कोवळी फूट जळते, उन्हाळा कधीकधी पावसातच जातो. एखाद्या वर्षी द्राक्ष छान पिकतं, पुढच्या वर्षी आंबटढोण राहतं. अशा ठिकाणी एकेका वर्षाच्या भरवशावर धंदा करायचा म्हणजे जुगार. म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांनी मिसळण्याची कला वाढवली. या गावची आणि त्या गावची, काळ्या द्राक्षाची आणि पांढऱ्याची, यंदाची आणि मागच्या कित्येक वर्षांची राखून ठेवलेली. पिनो न्वार, मनिए आणि शार्दोने या तीन मुख्य जाती. त्यातल्या पहिल्या दोन काळ्या, तरी वाइन पांढरी, कारण रस सालीपासून लगेच वेगळा काढतात.

म्हणजे साल लपवलेलं नसतं. त्या बाटलीत पाच, दहा, कधी त्याहून जास्त सालं असतात. एकाच रकान्यात लिहायचं तरी कुठलं?

ही मिसळ करणाऱ्या पेढ्यांना इंग्रजीत हाउस म्हणतात, फ्रेंचमध्ये मेझों. दोन्हींचा अर्थ घर. मला मराठीतला ‘घराणं’ हा शब्द जास्त चपखल वाटतो. किराणा म्हटलं की स्वर आणि आग्रा म्हटलं की लय, अशी जी ओळख असते ती एका मैफलीतून बनत नाही, आणि एका मैफलीने मोडतही नाही. शॅम्पेनच्या घराण्यांचं तसंच. मोएट १७४३ चं, पायपर-हायडसिक १७८५ चं, क्रूग १८४३ चं. क्रूगच्या ‘ग्रांद क्युव्हे’मध्ये दहाहून जास्त वर्षांच्या शंभराहून अधिक वाइन मिसळलेल्या असतात. बोलँजे आपल्या राखीव वाइन दीड-दीड लिटरच्या बाटल्यांत बूच मारून वर्षानुवर्षं ठेवतं, कुठल्या तरी भावी बाटलीत थोडं थोडं घालता यावं म्हणून. आपल्याकडे आगोटीला घरात भरून ठेवतात तशी ही बेगमी. फरक एवढाच, की ही चार महिन्यांची नाही, पुढच्या पिढीसाठीची आहे.

मिसळ जमली की खरी गंमत सुरू होते. तयार वाइनमध्ये थोडी साखर आणि यीस्ट घालून ती बाटलीत बंद करतात. यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि वायूला बाहेर जायला वाट नसल्यामुळे तो वाइनमध्येच विरघळून राहतो. बाटलीतला दाब पाच-सहा वातावरणांपर्यंत चढतो, मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. म्हणून ती काच एवढी जाड आणि बुचाला तारेची मुसकी. साखर संपली की यीस्ट मरून तळाशी बसतं आणि वाइन त्याच्यावर पडून राहते. साल नसलेल्या शॅम्पेनने विक्रीला येण्याआधी किमान १५ महिने बाटलीत काढावेत असा कायदा आहे, साल लिहिलेलीने तीन वर्षं. मोठी घराणी त्याहून जास्त थांबतात. नंतर बाटली रोज थोडी थोडी फिरवत डोक्यावर उभी करायची, गाळ मानेशी आणायचा, मान गोठवायची आणि झाकण उघडायचं. आतल्या दाबानेच गाळाचा बर्फ उडून जातो. रिकाम्या जागेत थोडी वाइन आणि चवीपुरती साखर, की कायमचं बूच.

हे सगळं मी बोईसरमध्ये बसून वाचत होते. आठवड्यातले तीन दिवस घरून काम, दोन दिवस डहाणू लोकलने अंधेरी. गाडी वेळेवर असेल तर दीड तास, आणि ‘वेळेवर’ हा शब्द पश्चिम रेल्वेवर आमच्या बाजूला जरा सैलच वापरतात.

प्रोजेक्ट संपल्यावर क्लायंटने टीमला एका हॉटेलात बोलावून चार बाटल्या उघडल्या. त्यात क्रूग नव्हती. तेवढे काही आम्ही त्यांना प्रिय नव्हतो. पण लाल लेबलची पायपर-हायडसिक होती आणि बोलँजे होती. सोबत आलेला जाणकार ‘टोस्ट’, ‘ब्रिओश’, ‘मिनरॅलिटी’ असं बरंच बोलला. मला ते शब्द परके, वास मात्र ओळखीचे. बोईसरच्या माणसाला नाक फुकटात तयार करून मिळतं. तारापूर एमआयडीसीकडून आज वारा कसा आहे हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही खिडकी न उघडता सांगतं. पायपर पहिल्यांदा नाकाला लिंबाच्या सालीसारखी लागली, मग हिरव्या सफरचंदासारखी. तोंडात घेतली की चटपटीत, सरळ, एका वाक्यात बोलणारी. मागे हळूच, पहाटे पाववाला सायकलवरून येतो तेव्हाचा पावाचा वास. हे त्या मेलेल्या यीस्टचं देणं. बोलँजे जाड, सावकाश. भाजलेल्या सुक्या मेव्याची, ज्यादा पिकलेल्या फळाची. दोन्हींत पिनो न्वारच प्रामुख्याने, दोन्ही गावं एकमेकांपासून तासाभराच्या आत, तरी चुकून एकीला दुसरी म्हणणार नाही इतका फरक. हा फरक मातीने केलेला नव्हता, निदान नुसत्या मातीने नाही. कुणीतरी दरवर्षी बसून, चाखून, ‘आमची अशी’ असं ठरवलेलं होतं.

घरी आल्यावर पप्पांना सांगितलं. आमच्या घरात कोणी घेत नाही. आईच्या माहेरी ताडीने एकदोन घरं बसलेली तिने पाहिली आहेत, त्यामुळे वाइन असो की आणखी काही, तिच्या लेखी दारू ती दारू. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं आणि टीव्हीवर वाइनला दारू म्हणायचं की नाही याचा वाद रंगला, तेव्हा तिने चॅनेलच बदललं होतं. पप्पांना मात्र कुठलीही प्रक्रिया समजून घ्यायला आवडते. मी साल नसण्याचं कारण सांगायला लागले आणि माझं वाक्य अर्धं असतानाच ते म्हणाले, “म्हणजे लॉट मिसळून शेड धरतात.”

पप्पांनी तारापूर एमआयडीसीतल्या एका प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं शेड मॅचिंग केलं. गिऱ्हाईक चार इंचाचा कापडाचा तुकडा पाठवायचं, आणि हाच निळा हजारो मीटर कापडावर यायला हवा असायचा. यंदाही आणि पुढच्या वर्षीच्या रिपीट ऑर्डरलाही. रंगाची पावडर दर लॉटला थोडी वेगळी येते. सूत वेगळं येतं. पावसाळ्यात पाणी बदललं की तोच फॉर्म्युला वेगळा निळा देतो. यंत्र आकडे सांगतं, पण आकडे पास झाले तरी पप्पा तुकडा लाइट बॉक्समध्ये धरून तीन दिव्यांखाली बघायचे: दिवसाच्या उजेडात, दुकानातल्या ट्यूबखाली, पिवळ्या बल्बखाली. एका उजेडात जुळलेले दोन निळे दुसऱ्या उजेडात भांडतात. मग ‘शेड हलली’ म्हणायचे आणि चिमूटभर लाल वाढवायला सांगायचे. निळ्यात लाल का, हे मला लहानपणी कधी कळलं नाही.

शॅम्पेनच्या घराण्यांच्या तळघरप्रमुखाचं काम हेच आहे. कच्चा माल दरवर्षी हलतो, हवामान हलतं, आणि गिऱ्हाइकाला मागच्याच वर्षीचा निळा हवा असतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले नवी आवृत्ती काढताना जुनं काही मोडलं नाही ना हे तपासायला चाचण्यांची रांग लावतो. पण आमची चाचणी ‘पास’ किंवा ‘नापास’ म्हणते. पप्पांची म्हणायची, “पास आहे, पण आपला नाही.” हे कोडमध्ये लिहिता येत नाही. ते शेजारी बसूनच शिकावं लागतं.

महाराष्ट्रात असं घराणं उभं करायचा एक खरा प्रयत्न झाला, नारायणगावला. नारायणगाव म्हटलं की कुणाला तमाशाच्या फडांच्या राहुट्या आठवतील, आमच्यासारख्यांना जवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण. १९८० च्या दशकात उद्योजक शामराव चौगुले यांनी तिथे शातो इंडेज सुरू केली. तांत्रिक साहाय्य थेट रँसच्या पायपर-हायडसिकचं. तिथले वाइनतज्ज्ञ राफाएल ब्रिस्बुआ जुन्नर तालुक्यात येऊन काम करू लागले. सह्याद्रीच्या पायथ्याशी फ्रेंच जातींच्या वेली लागल्या, आणि बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायची तीच जुनी पद्धत नारायणगावच्या तळघरात सुरू झाली.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. शॅम्पेनमध्ये द्राक्ष पुरेसं पिकत नाही ही अडचण, तर आपल्याकडे ते फार लवकर पिकतं ही. फेसाळ वाइनचा कणा म्हणजे आंबटपणा, आणि आपल्या उन्हात तो भराभर उतरतो. तिकडे वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून शेतकरी तिला दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि फळ थंडीत भरेल असं बघतो. तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, जेव्हा रँसमध्ये वेली उघड्यावाघड्या काड्या होऊन उभ्या असतात. रँसहून आलेल्या माणसाला इथे कॅलेंडरच उलटं धरावं लागलं असणार.

वाइन निघाली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ नावाने गेली, भारतात ‘मार्की द पॉम्पादूर’. ब्रिटिश वाइन-लेखकांनी तिची दखल घेतली. भारतातून आलेली, शॅम्पेनच्या पद्धतीने केलेली बाटली ही त्या काळी बातमीच होती. एक फारसी कवी, एक फ्रेंच राजाची प्रेयसी, आणि द्राक्षं जुन्नरची. दोन्ही नावांत नारायणगाव कुठेच नाही, हे मला खटकतं. कंपनीचं नावसुद्धा शॅम्पेन इंडेज. युरोपात शॅम्पेन हा शब्द त्या प्रदेशाबाहेरच्या बाटलीवर लिहिताच येत नाही, तो त्यांनी सरळ कंपनीच्या पाटीवर घेतला होता. पुढे तो काढून ‘इंडेज व्हिंटनर्स’ झालं. ज्याला आपली शेड धरायची आहे त्याने आधी स्वतःचा तुकडा समोर ठेवायला हवा, दुसऱ्याचा नाही. पण हे आज म्हणणं सोपं आहे. तेव्हा ‘नारायणगाव ब्रूट’ असं लिहिलेली बाटली लंडनमध्ये कोणी हातात धरली असती का, हाही प्रश्नच.

२००७-०८ च्या सुमारास कंपनी झपाट्याने पसरली. ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये कंपन्या विकत घेतल्या. मग जागतिक मंदी आली, २६ नोव्हेंबरचा मुंबईवरचा हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. कर्ज डोईजड झालं, देणी थकली, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात कंपनी गुंडाळण्यापर्यंत पोहोचलं. सुरुवातीपासून मोजलं तर पंचवीस-तीस वर्षांचा खेळ.

धंदा बुडणं ही काही खास गोष्ट नाही, घराणीही विकली जातात. पायपर-हायडसिकच २०११ मध्ये रेमी क्वांत्रोकडून ईपीआय नावाच्या गटाकडे गेली. पण तळघरप्रमुख रेजी कामू त्याच्या आधीपासून तिथे होते आणि नंतरही अनेक वर्षं राहिले. ते स्वतः दानिएल तिबो यांच्याकडून ते काम घेऊन आलेले. २०१८ मध्ये त्यांच्या जागी एमिलियँ बुतिला आले. मालकाची सही बदलली, चाखणाऱ्याची जीभ मात्र एकाकडून दुसऱ्याकडे रीतसर सुपूर्द झाली, आणि तळघरातली राखीव वाइन जागेवर राहिली. घराणं टिकतं ते या दोन गोष्टींवर. लिक्विडेटर यादी करतो तेव्हा त्यात जमीन येते, टाक्या येतात, बाटल्या येतात, नाव आणि बोधचिन्हसुद्धा येतं. ‘आमची अशी’ हे ठरवणारं डोकं कुठल्या रकान्यात लिहिणार?

पप्पांची कंपनी २०१९ मध्ये बंद झाली. शेवटच्या तीन महिन्यांचा पगार अजून यायचा आहे. शेडच्या फायली, म्हणजे सव्वीस वर्षांत पास झालेला एकेक तुकडा, तारीख, फॉर्म्युला, पप्पांच्या बारीक अक्षरातल्या नोंदी, सगळं भंगारात किलोवर गेलं. पप्पांच्या हाताखाली शेवटची पाच वर्षं कोणी नवीन माणूसच भरला नव्हता. यंत्र आहे ना, असं वरून उत्तर यायचं. पप्पा एक फाइल घरी घेऊन आले, निळ्यांची. ती कपाटावर आहे.

मधे एकदा ताडीवरूनही आमचं बोलणं झालं. आईचं माहेर केळव्याकडचं. तिथे फेस कुणाला नवा नाही. पहाटे उतरवलेला ताडाचा रस गोड असतो, मडक्याला आतून चुना लावला असेल तर तो नीरा म्हणून बराच वेळ गोड राहतो. नाहीतर हवेतलं यीस्ट कामाला लागतं, ऊन चढेल तसा फेस येतो, संध्याकाळपर्यंत तीच ताडी आंबट आणि कडक. रसायन शॅम्पेनचंच. फक्त इथे वायू उडून जातो आणि काळ थांबवता येत नाही. सकाळची चव दुपारी नाही, आणि आजची उद्या तर नाहीच नाही. मामाच्या शेजारचे आजोबा तीन-चार झाडांची एकत्र ओतायचे, “एकट्या झाडाची भरवशाची नसते” म्हणून. त्यांना कोणी तळघरप्रमुख म्हटलं नाही. आई म्हणते ते बरंच झालं, आणि तिच्या बाजूने बघितलं तर मला वाद घालता येत नाही. अलीकडे बोर्डीला ‘फ्रुझांते’ नावाने चिकूपासून फळांची वाइन केली जाते. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहेच. म्हणजे या किनाऱ्याचं फळ शेवटी बाटलीत आलं. आईला चिकूची आहे म्हटल्यावर तिने फक्त वास घेतला. एवढी प्रगती पुष्कळ.

आता फेसाळ वाइनचं केंद्र नाशिककडे सरकलं आहे. सुला तिथे याच पद्धतीची ब्रूट करते. आणि २०१३ मध्ये मोएट हेनेसीने दिंडोरीला येऊन ‘शाँदों’ सुरू केली. हा त्यांचा जुना डाव: १९५९ मध्ये अर्जेंटिना, १९७३ मध्ये कॅलिफोर्निया, १९८६ मध्ये ऑस्ट्रेलिया. नाव आपलं, पद्धत आपली, द्राक्षं तिथली, आणि शॅम्पेन हा शब्द कुठेही नाही. दिंडोरीच्या बाटलीत शार्दोने आणि पिनो न्वारसोबत शेनँ ब्लां असते, जी उन्हातही आंबटपणा बऱ्यापैकी धरून ठेवते. इंडेजने रँसहून माणूस आणला. इथे घराणंच चालत आलं, चाखणाऱ्यांच्या फौजेसह. म्हणून ते टिकेल असा माझा अंदाज आहे. पण ती चव आपली म्हणायची की त्यांची, हे अजून माझं ठरत नाही.

दिवाळीच्या आधी पालघरहून एक शाँदों आणली. आईला आधी सांगून, आणि फ्रिजमध्ये दुधाच्या कप्प्यात ठेवायची नाही या अटीवर. स्वयंपाकघरातल्या काचेच्या पेल्यात ओतली. चव पायपरइतकी टोकदार नाही, पेअरसारखी, थोडी पिकल्या पपनसासारखी, फेस जरा मोठा आणि घाईतला. मला आवडली. पप्पांनी घेतली नाही. त्यांनी पेल्यामागे पांढरा कागद धरला, खिडकीत नेऊन बघितलं, मग ट्यूबखाली बघितलं.

“पुढच्या वर्षीची अशीच येईल?”

“यावी. त्यासाठीच माणसं ठेवलेली असतात.”

“किती जण?”

म्हटलं, मोठ्या घराण्यांत पाच-सात जण एकत्र बसून चाखतात, नवीन आलेला वर्षानुवर्षं नुसता शेजारी बसतो.

पप्पांनी पेला ओट्यावर ठेवला. “आणि तेव्हापासून पगार चालू असतो त्याचा?”